घोड्याच्या पाठीचे माप

‘खोगीरभरती’ हा शब्द आपल्या तोंडात इतका बसला आहे की तो घोड्याशी निगडित आहे हे आता कोणाच्या ध्यानातही येत नाही. निवडणुकीच्या यादीत खोगीरभरती असते, दिवाळी अंकात असते, लग्नाच्या पंगतीतही असते. पु. ल. देशपांडे यांनी तर आपल्या एका पुस्तकालाच हे नाव देऊन टाकले. पण खोगीर म्हणजे नेमके काय, त्यात भरती कशाची करतात आणि ती करणारा हात कोणाचा, असे घरातल्या मुलांना एकदा विचारून पाहा. मुले गप्प बसतील, आणि खरे सांगायचे तर त्यांचे वडीलही फार काही बोलणार नाहीत.

मराठी भाषेत घोडा अजून जिवंत आहे. गंमत म्हणजे तो गावातून गेला तरी भाषेतून गेलेला नाही. आपण जिभेला लगाम घालतो, वरातीमागून घोडे नाचवतो, घोडे कुठे पेंड खाते ते शोधतो. शिलेदार, बारगीर, पागे ही आडनावे टेलिफोनच्या जाड डिरेक्टऱ्या होत्या तेव्हा त्यांत सापडत, आता मोबाइलमध्ये सापडतात. त्याच रांगेत आणखी एक नाव आहे, जिनगर. जीन हा फारसीतून आलेला शब्द, आणि ती जीन करणारा तो जिनगर. घोडदळावर ज्या राज्याची भिस्त होती त्या राज्यात या माणसाला काम किती असेल याची कल्पना करता येते. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, पागा मोडल्या आणि जिनगरांच्या हातातले काम हळूहळू सुटले. १८८५ साली पुणे जिल्ह्याचे गॅझेटियर छापले गेले, त्यात जिनगरांची नोंद आहे. पण तोवर हे कारागीर ओतकाम, नक्षीकाम, रंगकाम, मूर्ती अशा दुसऱ्या कलांकडे वळलेले होते. हात हुशार होते म्हणून माणसे तगली. खोगीर मात्र मागे पडले.

माझे आजोळ आणे. जुन्नर तालुक्याच्या अगदी पूर्वेच्या टोकाला, कल्याण-नगर रस्त्यावर आळेफाटा आणि बेल्हे मागे टाकले की घाट लागतो, तो चढून वर आले की आण्याचे पठार. आणे, नळवणे, पेमदरा, शिंदेवाडी अशी हातावर मोजता येतील एवढी गावे, पाण्याची कायमची टंचाई आणि बाजरीची शेती. बाहेरच्या लोकांना आणे ठाऊक आहे ते रंगदास स्वामींच्या यात्रेतल्या आमटी-भाकरीमुळे. कढयाच्या कढया आमटी आणि घरोघरच्या भाकरी; ज्याने एकदा ती आमटी खाल्ली तो तिची आठवण काढतोच. मला मात्र आण्याची आठवण येते ती आजोबांच्या पडवीतल्या खुंटीवरून. त्या खुंटीला एक खोगीर टांगलेले असे. घरात घोडे नव्हते, मी जन्मण्याच्या कितीतरी आधी ते गेले होते. आजोबांचे चुलते त्या तट्टावर बसून बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजाराला जात, एवढेच मला ऐकून माहीत.

हे खोगीर मी लहानपणी पुष्कळदा उसवून पाहिले आहे. दोन लांबट गाद्या, डाव्या-उजव्या बाजूच्या, आणि मध्ये एक पोकळ पन्हळ. वर जाडेभरडे कापड, कडांना कातड्याची गोट, खाली तंग बांधायला कातड्याच्या वाद्या. आत लोकर आणि फाटक्या लुगड्यांच्या चिंध्या. हीच ती भरती! चिंध्या हाताला येतील तशा कोंबल्या की झाले, अशा समजुतीने हा शब्द बदनाम झाला आहे. प्रत्यक्षात ही भरती हाताने चाचपून, गाठ राहणार नाही अशी सारखी पसरून भरावी लागते. एक गाठ राहिली तर तासाभराच्या चालीत घोड्याच्या पाठीला फोड येतो, दुसऱ्या दिवशी तिथली कातडी सोलवटते आणि मग पंधरा दिवस जनावर बसून. मधली पन्हळही शोभेची नव्हे. घोड्याच्या कण्यावर भार पडता कामा नये, तो दोन्ही बाजूंच्या मांसल भागावर वाटला गेला पाहिजे, म्हणून ती जागा मोकळी. खोगीर स्वाराच्या सोयीसाठी असते असे आपल्याला वाटते. ते असते घोड्यासाठी. स्वार काय, घोंगडी टाकूनही बसेल.

हा एक मुद्दा ध्यानात आला की या कलेकडे पाहण्याची आपली नजरच बदलते. दिवाणखान्यात टांगायची ती वस्तू नव्हे. मुक्या जनावराच्या पाठीचे माप घेऊन केलेले ते काम आहे, आणि ते चुकले तर भोगणारा तक्रार करू शकत नाही.

जुन्नर-आंबेगावचा हा सारा मुलूखच घोड्यांचा. आंबेगाव तालुक्याचे ठाणे घोडेगाव आणि नदीचे नाव घोड. कुकडी, मीना, घोड या साऱ्या नद्यांचे पाणी शेवटी भीमेलाच मिळते आणि भीमेच्या काठची तट्टे म्हणजे भीमथडी. ठेंगणी, काटक, मिळेल ते खाणारी आणि डोंगर चढणारी. अटकेपर्यंत गेलेली घोडी ती हीच, असे आपण शाळेत अभिमानाने वाचले. जुन्नर शहरही त्या काळात घोड्यांसाठी मोलाचे असले पाहिजे. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी मोगलांच्या ताब्यातल्या जुन्नरवर छापा घातला तेव्हा तीन लक्ष होनांच्या मत्तेबरोबर दोनशे घोडे हाती लागल्याची नोंद सभासदाच्या बखरीत आहे. त्याच्याही आधी दीड-दोन हजार वर्षे नाणेघाटातून कोकणच्या बंदरांकडे माल उतरत होता, तो जनावरांच्या पाठीवरूनच. घोड्याला खोगीर तसे ओझ्याच्या जनावराला पालाण. पालाणही कोणीतरी शिवतच असणार. सातवाहनांचे शिलालेख घाटात आजही वाचता येतात, त्यांत राण्यांची आणि राजांची नावे आहेत. पालाण शिवणाऱ्याचे नाव नाही.

खोगिराला लागणारा माल या एका तालुक्यात जवळजवळ सगळा मिळतो, हे मला फार उशिरा उमगले. तालुक्याच्या पश्चिमेला, सह्याद्रीच्या माथ्यावर, हिरड्याची झाडे आहेत. तिथल्या आदिवासी कुटुंबांचे वर्षाचे रोख उत्पन्न बरेचसे हिरड्यावर चालते. आपण हिरडा ओळखतो तो पोटाच्या औषधासाठी, पण जगाच्या बाजारात त्याची मोठी किंमत होती ती कातडे कमावण्यासाठी; इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यातला हिरडा बोटीने विलायतेला जाई तो याच कामाला. पूर्वेकडे आमच्या पठारावर हिरडा नाही, पण बांधावर बाभूळ आहे आणि माळावर पिवळ्या फुलांचा तरवड हवा तेवढा. दोन्हींच्या सालीत तोच तुरटपणा. शिवाय मेंढरांची लोकर. डोंगराने तुरट फळ द्यायचे, माळाने साल आणि लोकर द्यायची.

जुनी पद्धत अशी. कातडे चुन्याच्या पाण्यात घालायचे, केस सुटले की रापीने खरवडायचे, पुन्हा पुन्हा धुवायचे. मग त्याचीच पिशवी शिवायची, तिच्यात साल आणि हिरड्याचे पाणी भरायचे आणि ती तिकाटण्याला टांगून ठेवायची. पाणी थेंब थेंब झिरपत राहते, खाली गोळा झालेले पुन्हा वरून ओतायचे. दिवस जातात, कातड्याला तांबूस रंग चढतो, आणि जे एरवी चार दिवसांत कुजले असते ते पन्नास वर्षे टिकते. कारखान्यात क्रोमियमचे क्षार वापरून हेच काम थोड्या दिवसांत उरकते. ते कातडे मऊ होते, स्वस्त पडते, पर्ससाठी आणि बुटांसाठी ते उत्तम. पण ज्याच्यावर माणसाचा भार येणार आणि जो पट्टा ओढ खाणार, त्याला सालीत कमावलेले जाड, घट्ट कातडेच हवे. त्याला दिलेला आकार ते धरून ठेवते. उरलेल्या रसायनाचे पाणी ओढ्यात सोडावे लागत नाही, हा फायदा वेगळाच.

हे सगळे ज्यांच्या हातांनी होत होते ते ढोर आणि चांभार समाजातले लोक. गावगाड्यात त्यांचे काम मोठे होते. विहिरीवरची मोट सबंध कातड्याची. मोटेची सोंड फाटली की बागायत थांबे. जोत, वाद्या, वहाणा, घुंगरमाळांचे पट्टे, आणि ज्याच्या दारी घोडे त्याचे खोगीर. मोबदला बलुत्यात, खळ्यावरच्या बाजरीत. विजेचे पंप आले आणि मोट गेली. ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले. मग नायलॉनचा कासरा आला, टायरच्या वाद्या आल्या, रेक्झिन आले. कोणी कोणाचे मुद्दाम वाईट केले नाही, पण एकेका वस्तूबरोबर एकेक काम गेले. घोड्यांचे म्हणाल तर, देशात २०१२ च्या पशुगणनेत घोडे आणि तट्टे मिळून सव्वासहा लाखांच्या आसपास होती, २०१९ मध्ये ती साधारण तीन लाख चाळीस हजारांवर आली. सात वर्षांत जवळजवळ निम्मी. घोडेच नाहीत तर खोगीर शिवायचे कोणासाठी?

इथे मला दूरच्या देशातली एक गोष्ट सांगावीशी वाटते. पुण्यात कॅम्पातल्या वेस्ट एंड थिएटरात काउबॉयचे सिनेमे पाहत आमची एक पिढी वाढली. आम्ही पाहत होतो ती पिस्तुले. त्या काउबॉयच्या बुडाखाली जे खोगीर होते ते मात्र खरे शेतकामाचे अवजार. लाकडी सांगाडा, त्यावर ताणून बसवलेले कच्चे कातडे, वर कमावलेले जाड कातडे, आणि पुढे एक शिंगासारखा खुंट. गायीला फास टाकला की दोराचे दुसरे टोक त्या खुंटाला गुंडाळायचे. धावत्या जनावराचा हिसका घोडा आणि खोगीर मिळून सोसणार. ही पद्धत मेक्सिकोतल्या स्पॅनिश गुराख्यांकडून उत्तरेत आली. पुढे तिकडेही जीप आली, मोटारसायकल आली, कारखान्यातली स्वस्त खोगिरे आली आणि हाताने शिवणारे थोडे उरले. तेव्हा १९९८ मध्ये काही नामांकित कारागिरांनी मिळून ‘ट्रॅडिशनल काउबॉय आर्ट्स असोसिएशन’ नावाची संस्था काढली. खोगीर, लगामाची कडी व टाचा, चांदीकाम आणि कच्च्या कातड्याचे वेणीकाम, या चार कला त्यांनी धरल्या. नव्या मुलांना शिष्यवृत्त्या द्यायच्या, उस्तादाजवळ बसवून शिकवायचे आणि वर्षातून एकदा ओक्लाहोमा शहरातल्या संग्रहालयात प्रदर्शन भरवायचे, असा त्यांचा क्रम. वायोमिंगमधल्या शेरिडन या छोट्या गावात डॉन किंग नावाच्या कारागिराने कातड्यावर रानगुलाबाची जी नक्षी कोरली ती आता जगभर ‘शेरिडन नक्षी’ म्हणून ओळखली जाते.

मला यात सर्वांत हेवा वाटला तो एका बारीक गोष्टीचा. तिकडचा कारागीर खोगीर पुरे झाले की त्यावर आपल्या नावाचा ठसा उमटवतो. शंभर वर्षांनी ते खोगीर लिलावात आले तरी पहिला प्रश्न, केले कोणी? आमच्या आजोळच्या खोगिरावर असा ठसा नाही. ते कोणी केले असे मी आजीला विचारले होते. तिने जातीचे नाव सांगितले, माणसाचे सांगितले नाही. तिला ते ठाऊकच नव्हते.

परंपरागत कला जपा, असे म्हणायला आपल्यासारख्या पांढरपेशांचे काय जाते? ज्यांच्या घरी ही कला होती त्यांच्यासाठी ती नुसती कला नव्हती. कातड्याला हात लावतो म्हणून पाणवठ्यावर वेगळा घडा, म्हणून देवळाच्या पायरीशी थांबायचे, म्हणून शाळेत मुलाने शेवटच्या ओळीत बसायचे. जिनगरांनाही कातड्याच्या स्पर्शावरून हिणवले गेले. अशा घरातला मुलगा शिकून पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यात लागला आणि त्याने बापाची आरी-रापी माळ्यावर टाकली, तर त्याने परंपरा मोडली असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्याने एक बेडी मोडली. बेडी आणि कारागिरी एकाच कातड्यात शिवलेली होती, ती उसवून वेगळी करायची कशी हा खरा प्रश्न आहे, आणि त्याला प्रदर्शनाची फीत कापून उत्तर मिळत नाही.

आळेफाट्याच्या अलीकडे एका गावात असा एक कारागीर मला भेटला. वय सत्तरीच्या पुढे. मी आण्याचा भाचा आहे हे कळताच त्यांनी मला ‘भाचे’ म्हणायला सुरुवात केली, मग मीही त्यांना मामा म्हणू लागलो. दुकान म्हणजे घराच्या ओट्यावर घातलेला पत्रा. चपला, दप्तरांच्या चेन, पिशव्यांचे बंद, आणि भाद्रपदी पोळ्याच्या आधी महिनाभर घुंगरमाळांचे पट्टे. खोगीर त्यांनी वडिलांच्या हाताखाली तरुणपणी केलेले. मी आजोळचे खोगीर पोत्यात घालून नेले होते. त्यांनी ते हातात घेतले, उलटे केले, पन्हळीतून बोट फिरवले, आणि विचारले, “घोडं कुठंय?”

घोडे नाही म्हणालो. “मग ह्याचं करायचं काय? भिंतीला लावायचं आसंल तर घ्या हातात ब्रश आन् करा पालिश. बसायचं आसंल तर पाठ दाखवा.” आणि मग त्यांनी जे सांगितले ते मी तसेच टिपून घेतले. दोन घोड्यांच्या पाठी सारख्या नसतात. एकाचे खांदे उंच, एकाची पाठ पसरट. चाऱ्याच्या दिवसांत भरलेला घोडा आणि उन्हाळ्यात उतरलेला घोडा, यांचे मापही सारखे नाही. त्यांचे वडील बाभळीची ओली फांदी वाकवून घोड्याच्या पाठीवर ठेवीत, तिचा बाक जसाच्या तसा घरी आणीत आणि त्यावरून भरती करीत. शिवण दोन सुयांची. एकच मेण लावलेला दोरा, त्याच्या दोन टोकांना दोन सुया, आरीने पाडलेल्या एकाच भोकातून समोरासमोर ओवायच्या. मधला एक टाका झिजून तुटला तरी पुढचे-मागचे सुटत नाहीत. मशीनच्या शिवणीत एक दोरा तुटला की पट्टा उसवत जातो.

हाच टाका फ्रान्समध्ये १८३७ साली घोड्याचे साज करण्यापासून सुरू झालेली हर्मेस ही कंपनी अजून हाताने घालते, आणि त्या टाक्याच्या एका पिशवीची किंमत आपल्या एखाद्या मोटारगाडीएवढी असते. मामांना हे सांगितल्यावर ते नुसते हसले. त्यांच्या घरात दोन सुयांचा टाका होता. त्याला किंमत देणारे गिऱ्हाईक नव्हते.

गिऱ्हाईक अगदीच नाही असेही नाही. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत तापीकाठी जो घोडेबाजार भरतो तिथे मी मुद्दाम गेलो होतो. लाखालाखांची घोडी, त्यांच्या चाली पाहणारे शौकीन, आणि बाजूला साजाची दुकाने: लगाम, रिकिबी, दुमच्या, झुली, गोंडे. बहुतेक माल उत्तरेकडून आलेला. कानपूरला इंग्रजांनी १८५७ नंतरच्या वर्षांत सैन्यासाठी साज करण्याचा सरकारी कारखाना उभारला, तिथे कातडेही मुबलक आणि बाभळीची सालही. त्यातून वाढलेला धंदा आज जगाला खोगिरे पुरवतो आणि कानपूरच्या खोगिराला भौगोलिक मानांकनही आहे. तो माल चांगलाच असतो. पण तो ठराविक मापाचा. ठेंगण्या, अरुंद पाठीच्या भीमथडीवर परदेशी घोड्याच्या मापाचे खोगीर घातले तर ते पुढे सरकते, मागे उचलते आणि पाठ लागते. थंड हवेच्या ठिकाणी किंवा लग्नाच्या वरातीत उभ्या असलेल्या घोड्याची झूल कधी उचलून पाहा. पुष्कळदा खाली पांढरे डाग दिसतात. जुनी जखम भरून आली की तिथे केस पांढरे उगवतात, त्या खुणा त्या.

आमच्या भागात या कामाला पुन्हा थोडी धुगधुगी आली ती दोन कारणांनी. पहिले बैलगाड्यांचे. जुन्नर, आंबेगाव, खेड या पट्ट्यात घाटात गाडा पळतो तेव्हा बैलांच्या पुढे घोडी धावते, तिच्यावर स्वार असतो. काही सेकंदांचा खेळ. बारी सुटली की धुरळ्यात आधी घोडी दिसते, मागून बैल. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या शर्यती बंद केल्या. १६ डिसेंबर २०२१ रोजी महाराष्ट्राला पुन्हा परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती कायम केली. शर्यत असावी की नसावी यावर घराघरांत वाद आहेत आणि जनावरांच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे मुळीच नाही. पण घोडी धावणारच असेल तर तिच्या पाठीवर तिच्या मापाचे खोगीर असावे, एवढे तरी दोन्ही बाजूंना पटायला हरकत नसावी. मी घाटात पाहिलेल्या कित्येक घोड्यांवर घडी केलेली घोंगडी आणि नायलॉनचा पट्टा, एवढाच साज होता.

दुसरे कारण भीमथडीचे. २०२४ च्या सुरुवातीला भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या कर्नाल येथील संस्थेने भीमथडी ही घोड्याची स्वतंत्र जात म्हणून नोंदवली. तोवर सरकारी कागदांत ती नव्हतीच. दख्खनी तट्टे संपली असेच पुस्तकांत छापून येत होते. ती संपली नव्हती. धनगरांच्या बिऱ्हाडाबरोबर ती दरवर्षी आमच्या घाटातून ये-जा करीत होती, पाठीवर चूल, भांडी, कोंबड्यांची डाली आणि नुकते जन्मलेले कोकरू घेऊन. जातीची नोंद झाली हे उत्तम झाले. आता तिच्या पाठीचे माप नोंदवणारा कोणी निघाला पाहिजे.

सरकारचे काय, असे वाचक विचारतील. चर्मकारांसाठी राज्यात १९७४ पासून महामंडळ आहे, त्याला संत रोहिदासांचे नाव आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी केंद्राने विश्वकर्मा योजना सुरू केली. तिच्यात अठरा धंदे आहेत, अवजारांसाठी पंधरा हजार रुपये आहेत, शिकण्याच्या दिवसांचे रोज पाचशे रुपये आहेत, पाच टक्के व्याजाने कर्ज आहे. चर्मकार त्यात आहे, पण तो पादत्राणे करणारा म्हणून. खोगीर, साज यांचे वेगळे नाव त्या यादीत नाही. कोल्हापुरी चपलेचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवण्यासारखे आहे. तिला मानांकन मिळाले, २०२५ च्या उन्हाळ्यात इटलीच्या प्राडा कंपनीने तिच्यासारखी चप्पल नाव न घेता मिलानच्या मंचावर आणली, आपल्याकडे ओरड झाली, कंपनीला मूळ कुठले ते मान्य करावे लागले आणि त्याच वर्षअखेरीस दोन राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी तिने करार केला. ओरड करायला चपलेच्या पाठीशी कोल्हापूरचे नाव होते. खोगिराच्या पाठीशी कोणते गाव आहे?

शिवाय कातडे. २०१५ पासून राज्यात बैल-वळूंच्या कत्तलीवर बंदी आहे; तिच्या बऱ्या-वाईटात मी शिरत नाही. पण जाड कातडे मिळवणे तेव्हापासून अवघड आणि महाग झाले, आणि मेलेल्या जनावराचे कातडे सोडवून नेतानाही रस्त्यात कोणी अडवील ही भीती कारागिराच्या मनात असते, हे त्या ओट्यावर बसले की ऐकू येते. मामा म्हशीचे कातडे वापरतात, तेही दूरवरून व्यापाऱ्याकडून आलेले. स्वतः कमावणे त्यांनी केव्हाच सोडले. घरात सुना आल्या, नातवंडे शाळेत जाऊ लागली, चुन्याच्या खड्ड्याचा वास कोणाला नकोसा झाला. मला त्यात काही वावगे वाटत नाही.

मागच्या पौषात यात्रेला गेलो तेव्हा पुन्हा त्यांच्याकडे डोकावलो. ओट्यावर त्यांच्या बहिणीचा मुलगा बसलेला होता. हा बारावी होऊन आळेफाट्याला मोटारींची सीट कव्हरे शिवणारा. शिलाईचा हात होताच. शेजारच्या गावच्या एका गाडामालकाला आपल्या घोडीसाठी खोगीर हवे होते, चैत्रातल्या जत्रांच्या आत. मामांची नजर आता सुईत दोरा ओवण्याइतकी राहिलेली नाही, तेव्हा सांगायचे त्यांनी आणि शिवायचे भाच्याने, असे ठरले होते. बाभळीच्या फांदीऐवजी भाच्याने वायरिंगची जाड तार घोडीच्या पाठीवर वाकवून माप आणले होते, तीन ठिकाणचे, आणि मोबाइलमध्ये फोटोही काढले होते. मामा तार हातात धरून म्हणत होते, की हा बाक खांद्यापाशी खोटा वाटतो, घोडी मान खाली घालून उभी असणार, परत जा आणि तिला सरळ उभी करून घे. भाचा कुरकुरत का होईना पण जाऊन आला होता. दुसऱ्या खेपेचा बाक खरोखरच वेगळा निघाला.

पैशांचेही बोलणे झाले होते. मालकाने बाजारातल्या तयार खोगिराचा भाव सांगितला, भाच्याने त्याच्या दीडपट मागितले. मामांना ते जास्त वाटले. आपल्या वडिलांनी दोन पायली बाजरीवर खोगीर दिले होते, असे ते पुन्हा पुन्हा सांगत होते. भाच्याने ऐकून घेतले आणि भाव उतरवला नाही. कडेला, तंगाच्या वादीवर, त्याने लोखंडी ठशाने दोन अक्षरे उमटवून पाहिली होती. अक्षरे वाकडी आली होती, म्हणून ती वादी त्याने बाजूला टाकून दुसरी कापायला घेतली.

कातडे आले होते, दोरा मेणात ओढून झाला होता, पण भरतीला लोकर कमी पडत होती. फोम घालू या, असे भाच्याने सुचवून पाहिले. घाम पिऊन तो सडतो, म्हणून मामांनी साफ नाकारले. पेमदऱ्याच्या बाजूला एक वाडा उतरला आहे असे कळले, तेव्हा भाच्याच्या मोटारसायकलवर मीही मागे बसून गेलो. मेंढरे नुकतीच कातरली होती. मेंढक्याने पोते भरून लोकर दिली आणि पैसे घ्यायला काही केल्या तयार होईना. लोकरीला हल्ली विचारतो कोण, म्हणाला. भाच्याने शेवटी दोनशे रुपये त्याच्या पोराच्या हातात कोंबले आणि त्यांचे तट्टू उभे होते तिकडे वळला, खिशातून तार काढीत.